वाजवून घ्यावे

उन्हाळ्याच्या तोंडाला कुंभाराकडे माठ घ्यायला गेलेली कोणतीही बाई माठाच्या रंगावर भुलत नाही. डाव्या हाताच्या तळव्यावर ती तो तोलून धरते, उजव्या हाताच्या बोटाने टिचकी मारते आणि कान देते. खणखणीत वाजला तर पैसे काढते, बद्द वाजला तर मुकाट्याने परत ठेवते. नारळ आपण कानाशी धरून हलवतो, कलिंगड थापटतो आणि सोयरीक जुळवायची तर चार गावांत चौकशी करतो. पारखून घे, वाजवून घे, हा उपदेश आपल्या घराघरांत पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. असे असूनही माणूस जेव्हा आयुष्यातली सर्वांत मोठी खरेदी करायला निघतो, तेव्हा नेमके त्याचे कान बंद होतात. असे का व्हावे, हा प्रश्न मला एका बोटीने विचारायला लावला. ती बोट आमची झाली नाही. तिचीच ही हकिगत.

आमचे घर हर्णै बंदरावरचे. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग आणि अलीकडे वाळूवर रोज भरणारा माशांचा लिलाव, एवढ्यात आमचे जग मावते. माझे वडील चौथी शिकले आणि सही करण्यापुरती अक्षरे ठेवून बाकीची समुद्राला देऊन टाकली. वयाच्या पंधराव्या वर्षी खलाशी म्हणून बोटीवर चढले, आज तांडेल आहेत. मात्र बोट दुसऱ्याची. आमच्या धंद्यात डिझेल, बर्फ आणि रेशन यांचा खर्च वजा गेला की उरलेल्या पैशांतून आधी बोटीचा वाटा निघतो, मग माणसांचा. तीस वर्षे बाबांनी हा बोटीचा वाटा दुसऱ्याच्या हातावर मोजून दिला. आपल्या हातावर तो एकदा तरी पडावा, एवढीच त्यांची इच्छा. आई लिलावातून मासळी घेऊन दापोलीच्या बाजारात विकते. त्या दोघांच्या घरातली मी कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. त्यामुळे घरात कागद आला की तो माझ्यापुढे येतो, मग ते विजेचे बिल असो की बँकेची नोटीस.

गेल्या वर्षी मार्च महिन्यात बाबांना एका जुन्या बोटीची बातमी लागली. दाभोळच्या खाडीत, आईच्या माहेरकडून नात्यात लागणाऱ्या एका गृहस्थांची ती बोट. लांबी ४५ फूट, अंग लाकडी, वरून फायबरचा थर चढवलेला, सहा सिलिंडरचे इंजिन. किंमत १८ लाख. बाबा दोनदा जाऊन पाहून आले. दुसऱ्या खेपेहून आले त्या रात्री ते जेवताना आईशी हळू आवाजात काही बोलले आणि आई हसली. मागाहून मला कळले की बाबांनी बोटीचे नाव ठरवले होते. आमच्या आजीचे नाव.

पैशांची जुळणी कागदावर मीच मांडली. बाबांची शिल्लक, आईचे दागिने, एका सहकारी बँकेचे कर्ज आणि मामांकडून हातउसने. बेरीज १८ लाखांच्या वर जेमतेम गेली. त्या कागदाकडे मी बराच वेळ पाहत राहिले. बोटीत एखादा दोष निघालाच, तर तो दुरुस्त करायला त्या बेरजेत एक रुपयादेखील नव्हता.

नेमके त्याच सुमारास आमच्या अर्थशास्त्राच्या सरांनी वर्गात एक सिद्धांत शिकवला होता. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्याचे म्हणणे साधे आहे. जुनी मोटार विकणाऱ्याला तिचे सगळे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला ठाऊक नसतात. त्यामुळे घेणारा चांगल्या मोटारीलाही बेताचीच किंमत देऊ करतो, मग चांगल्या मोटारींचे मालक बाजारातून निघून जातात आणि बाजारात वाईट माल उरत जातो. या विचाराबद्दल त्यांना २००१ साली आणखी दोघा अर्थशास्त्रज्ञांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. वर्गात आम्ही ते परीक्षेसाठी वहीत उतरवून घेतले. एस. टी. ने घरी येताना मात्र मोटारीच्या जागी मला ती ४५ फुटी बोट दिसू लागली.

मी घरी विषय काढला. म्हटले, इसार देण्यापूर्वी आपण एखादा मरीन सर्व्हेअर लावून बोट तपासून घेऊ या.

बाबांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. “मी तीस वर्सं दर्यात काढली. मला बोट कळत नाय, आणि कागदवाल्या साहेबाला कळते?”

दुसरी अडचण नात्याची. विकणारे आपले. त्यांच्या बोटीवर परका माणूस हातोडी घेऊन चढवायचा, म्हणजे तुमच्यावर आमचा विश्वास नाही असे चारचौघांत सांगणेच की! शिवाय त्यांच्याकडे सर्व्हेअरचा एक अहवाल तयार होता. त्यांनी मोठ्या आपुलकीने मला त्याची प्रत दिली. मी ती वाचली. अहवाल २०२२ सालचा होता, विमा कंपनीसाठी केलेला होता आणि बोट पाण्यात तरंगत असताना केलेला होता. त्यात खोटे काही नव्हते. परंतु आमच्या प्रश्नाचे उत्तरही नव्हते.

दोन दिवस घरात कोणी फारसे बोलले नाही. तिसऱ्या दिवशी आईने तिढा सोडवला. ती बाबांना म्हणाली, “मी रोज मासळी इकते. गिऱ्हाईक येतं, कल्ला उघडून बघतं. मला राग येतो काय? मासा ताजा आसला तर मीच कल्ला उघडून दाखवते. राग कोणाला येतो, ते मला नको सांगू.”

बाबा उठून बाहेर गेले. थोड्या वेळाने परत येऊन म्हणाले, “बाय, तुझ्या त्या साहेबाला किती पैसं द्यायला लागतात?”

सर्व्हेअर या शब्दाने आपल्याकडे जमीन मोजणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. जहाजांचा सर्व्हेअर वेगळा, आणि त्यातही प्रकार आहेत. सरकारचा सर्व्हेअर कायद्याच्या नियमांत जहाज बसते की नाही ते पाहतो. विमा कंपनीचा सर्व्हेअर अपघातानंतर नुकसान किती झाले ते ठरवतो. बँकेचा माणूस एवढेच पाहतो की कर्ज बुडाले तर या मालाचे किती पैसे येतील. आणि चौथा तो, ज्याला विकत घेणारा स्वतःच्या पैशाने बोलावतो. बोट तीच, लाकूड तेच. पण चौघांना विचारलेले प्रश्न चार आणि म्हणून उत्तरेही चार. सर्व्हेअर कोणता, यापेक्षा सर्व्हेअर कोणाचा, हा प्रश्न मोठा आहे.

याचा इतिहास मी थोडा वाचला. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये एडवर्ड लॉइड नावाच्या गृहस्थाचे कॉफीगृह होते. जहाजांचे मालक, कप्तान आणि विमा उतरवणारे व्यापारी तिथे जमत. न पाहिलेल्या जहाजाचा विमा उतरवायचा कसा, ही व्यापाऱ्यांची अडचण. म्हणून १७६० साली त्यांनी एक मंडळ काढले आणि १७६४ पासून जहाजांची यादी छापू लागले. त्या यादीत जहाजाच्या अंगाला ए, ई, आय, ओ, यू या इंग्रजी स्वरांनी श्रेणी दिलेली असे. पुढे १७७५-७६ च्या यादीत दोर, नांगर इत्यादी सामान उत्तम असल्याची खूण म्हणून एक हा आकडा आला. अंग ‘ए’ आणि सामान ‘वन’! आज आपण चहाला, सिनेमाला आणि मित्राच्या नव्या शर्टाला ‘एकदम ए-वन’ म्हणतो, ते मूळचे जुन्या लाकडी जहाजांच्या तपासणीतले आहे.

पण गंमत पुढेच आहे. विमावाल्यांच्या यादीतल्या श्रेणी जहाजमालकांना जाचक वाटू लागल्या. तेव्हा १७९९ साली मालकांनी स्वतःचीच निराळी यादी छापायला सुरुवात केली. विमावाल्यांची ती हिरवी वही आणि मालकांची ती तांबडी वही. दोन्ही वह्या पस्तीस वर्षे एकमेकींशी भांडत राहिल्या, दोन्हीकडचे पैसे संपत आले आणि अखेर १८३४ साली त्या एक झाल्या. आपल्या देशात मोठ्या जहाजांसाठी असेच काम करणारी इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग ही संस्था १९७५ साली निघाली. तिची मुख्य कचेरी मुंबईत पवईला आहे. आमच्या ४५ फुटी बोटीचा आणि या थोर संस्थांचा तसा काही संबंध नाही. पण दाभोळच्या नातलगांनी पुढे केलेला २०२२ चा अहवाल हातात असताना मला ती तांबडी आणि हिरवी वही आठवल्यावाचून राहिली नाही.

बँकेत चौकशी करून मी तीन सर्व्हेअरांचे फोन नंबर मिळवले. प्रत्येकाला तेच प्रश्न विचारले. लाकडी मासेमारी बोटी तुम्ही तपासल्या आहेत का? विकणाऱ्यांशी किंवा दलालाशी तुमची ओळख आहे का? अहवाल छायाचित्रांसह लेखी द्याल का? आणि सौदा मोडला तरी तुमची फी तेवढीच राहील ना? शेवटचा प्रश्न विचारताना माझा आवाज कापत होता. एकाने हसून फोन ठेवला. दुसरे म्हणाले की मी लोखंडी बार्ज पाहतो, लाकडातले मला फार कळत नाही. त्यांचा प्रामाणिकपणा मला आवडला. तिसरे रत्नागिरीचे, मोठ्या जहाजांवर मरीन इंजिनिअर म्हणून काम करून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “सौदा मोडला तर फी जास्त घ्यायला हवी, कारण तेव्हाच मी खरा उपयोगी पडलो!” येण्याजाण्याच्या खर्चासह १५ हजार ठरले. ते आईने बचत गटातून उचलले.

फोनवरच त्यांनी दोन अटी घातल्या. बोट ओहोटीला कोरडी बसेल अशी लावून ठेवा आणि मी येईपर्यंत इंजिनाला कोणी हात लावू नका.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ते आले. साठीपुढचे, कृश, डोक्याला टोपी, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीतून काय काय यंत्रे निघतात म्हणून खाडीवरची पोरे गोळा झाली होती. निघाले काय, तर एक लहान हातोडी, एक दाभण, बॅटरी, आरसा, खडू, मोजपट्टी आणि लाकडातली ओल मोजायचे हातात मावेल एवढे यंत्र. पोरांची निराशा झाली.

साहेबांनी आधी बोटीला हातच लावला नाही. लांब उभे राहून तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. बोटीची बाहेरची रेघ एखाद्या ठिकाणी वाकली आहे का, ते म्हणे लांबूनच दिसते. मग कागद पाहिले. नोंदणीचा दाखला, मासेमारीचा परवाना, इंजिनाचा नंबर. दाखल्यावरचा नंबर बोटीवर रंगवलेल्या नंबराशी आणि इंजिनावर कोरलेल्या नंबराशी त्यांनी स्वतः पडताळून पाहिला. त्यानंतर ते वाकले आणि पठाणापासून, म्हणजे बोटीच्या कण्यापासून, सुरुवात केली.

टक, टक, टक. दर वीतभर अंतरावर हातोडीचा एक हलका ठोका आणि मधे थांबणे. असे दोन तास. मला वाटले होते, तपासणी म्हणजे डोळ्यांचे काम. ते अर्ध्याहून अधिक कानांचे निघाले. लाकूड धडधाकट असले तर आवाज टणक येतो, आत कुजले असले किंवा फायबरचा थर लाकडापासून सुटला असला तर बद्द येतो. बाबा त्यांच्या मागोमाग चालत होते. सुरुवातीला हाताची घडी घालून. पुढे घडी सुटली.

डाव्या अंगाला, पाठीमागच्या भागात, पाण्याच्या रेषेखाली आवाज बदलला. मला शिकलेल्या कानाची गरज भासली नाही, पोरांनाही कळले. साहेबांनी पुन्हा वाजवले, खडूने तिथे गोल काढला, पुढे सरकले, दुसरा गोल काढला. ओलीचे यंत्र टेकवले आणि आकडा वहीत लिहिला. मग आत उतरून बॅटरीच्या उजेडात नेमकी तीच जागा आतून पाहिली. तिथल्या तीन बरगड्यांना जोड दिलेला होता आणि त्यांवरचा रंग बाकीच्या बोटीपेक्षा ताजा होता.

वर येऊन त्यांनी मालकांना सहज विचारल्यासारखे विचारले, “निसर्ग वादळात बोट कुठे होती?”

३ जून २०२० हा दिवस आमच्या किनाऱ्यावर कोणाला विसरता येणार आहे? त्या दिवशी आमच्या गावाची कौले, पोफळी, विजेचे खांब आणि कितीतरी बोटी गेल्या. मालक म्हणाले, “खाडीतच होती. काय नाय झालं तिला.” साहेबांनी मान हलवली आणि तेवढेच वहीत लिहिले. वाद घातला नाही, टोमणा मारला नाही.

जेवणाच्या वेळी नारळीखाली बसल्यावर त्यांनी मला लाकडाविषयी सांगितले. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा एक जीव असतो. त्याला लोक किडा म्हणतात, पण तो खरे तर शिंपल्यांच्या कुळातला. पिल्लू असताना तो सुईच्या टोकाएवढ्या भोकातून आत शिरतो आणि आतल्या आत वाढत बोगदे काढत जातो. बाहेरून पाहणाऱ्याला ते भोकच दिसते, बोगदा दिसत नाही. कुजण्याचे कारण मात्र बहुधा वेगळे असते. मिठाने लाकूड थोडे टिकते. ते कुजते गोड्या पाण्याने. डेकच्या फटीतून पावसाचे पाणी आत झिरपते आणि वरून फायबरचा थर असला की त्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. “बोट समुद्रात बुडते खरी,” ते म्हणाले, “पण तिला आधी पाऊस कुजवतो.”

भरतीला बोट पाण्यावर आली. साहेबांनी प्रथम इंजिनावर तळहात ठेवला. ते गार होते. आधीच सुरू करून तापवून ठेवलेले इंजिन कसलीही खोड दाखवत नाही, म्हणून ही खबरदारी. सुरू केल्यावर धूर निळसर आहे का, काळा आहे का, ते पाहिले; निळा धूर म्हणजे वंगणाचे तेल जळते आहे. तेलाची पट्टी काढून ते दुधट झाले नाही ना, म्हणजे त्यात पाणी शिरले नाही ना, ते तपासले. इंजिन चांगले निघाले. पंख्याजवळ जस्ताचा एक ठोकळा बसवतात. समुद्राचे पाणी धातू खाते, ते आधी जस्त खाते आणि पंखा वाचतो. तो ठोकळा पार झिजून गेला होता. साहेब म्हणाले की हे किरकोळ आहे, नवा बसवा.

आम्ही निघालो तेव्हा मागे वळून पाहिले. मालकांचा मुलगा ओल्या फडक्याने खडूचे गोल पुसत होता.

आठवड्याने अहवाल आला. अकरा पाने, इंग्रजीत. रात्री जेवणे झाल्यावर मी तो बाबांना मराठीतून वाचून दाखवू लागले. पहिल्याच पानावर ‘विदाऊट प्रेज्युडिस’ असे शब्द होते. बाबांनी अर्थ विचारला. मी म्हटले की तो कायद्याचा शब्द आहे, कोणाच्या हक्काला बाध न आणता. आणि प्रेज्युडिस म्हणजे मनात आधीच धरलेले मत. बाबा म्हणाले, “मंजे मनात काय न धरता बघितलं, आसंच ना?” कायद्याच्या पुस्तकात तो अर्थ बसणार नाही. पण मला त्यांचाच अर्थ बरा वाटला.

अहवालातली तीन पाने माझ्या कायमची लक्षात राहतील. तिसऱ्या पानावर त्यांनी काय काय पाहिले नाही, याची यादी होती. डिझेलची टाकी आतून पाहिलेली नाही. मासळीच्या खणाखालचे लाकूड दिसू शकले नाही. फायबरचा थर उघडलेला नाही, कारण बोट अजून दुसऱ्याच्या मालकीची आहे. नववीपासून आजवर मी उत्तरपत्रिका लिहीत आले. येत नसलेल्या प्रश्नाचे उत्तरही चार ओळींनी भरून काढावे, हीच आपली रीत. जे पाहिले नाही ते पाहिले नाही असे नंबर घालून लिहिणारा आणि त्याबद्दल पैसे घेणारा माणूस मी प्रथमच पाहत होते. त्या यादीमुळेच उरलेल्या आठ पानांवर माझा विश्वास बसला.

सातव्या पानावर डाव्या अंगाचे छायाचित्र होते, खडूच्या दोन गोलांसह. खाली लिहिले होते: जुन्या दुरुस्तीच्या खुणा आढळल्या, कारणाविषयी मालकांकडून माहिती मिळाली नाही, या भागातला थर उघडून लाकूड पाहिल्याशिवाय खरेदी करू नये, असा सल्ला आहे. शेवटच्या पानावर त्यांनी दोन किमती दिल्या होत्या. लाकूड चांगले निघाले तर एक, बरगड्या बदलाव्या लागल्या तर दुसरी. दुसरी किंमत १८ लाखांपेक्षा पुष्कळ खाली होती.

वाचून झाले. आई कंदिलासारखी शांत बसून होती. बाबा कितीतरी वेळाने बोलले.

“तो आवाज मला पण आला होता.”

मी काहीच बोलले नाही.

“मार्चमधे गेलो तेव्हा मी पण वाजवली होती. थयंच. म्हटलं, आत बर्फाचा खण आसंल म्हणून तसा आवाज. म्हटलं, भरतीचं पाणी लागलं आसंल.” ते थोडे थांबले. “नाव ठेवल्यावर कान ऐकत नाय, बाय.”

माझ्या मते या लेखात सांगण्यासारखे जे आहे ते एवढेच. साहेबांना बाबांपेक्षा बोट अधिक कळत होती असे मुळीच नाही. बाबा अंधारात पाण्याच्या आवाजावरून खडक ओळखतात. दोघांनी तीच फळी वाजवली आणि तोच आवाज ऐकला. फरक इतकाच की साहेबांना ती बोट नको होती. पंधरा हजार रुपयांना आम्ही ज्ञान विकत घेतले नाही, ते आमच्या घरात होतेच. आम्ही विकत घेतला तो इच्छा नसलेला एक कान. ज्याला आपण तज्ज्ञ म्हणतो त्याचे मोल त्याच्या पदवीइतकेच या परकेपणात असते. म्हणून तर तो विकणाऱ्याचा असून चालत नाही, दलालाचा असून चालत नाही, आणि खरे सांगायचे तर पूर्णपणे आपला असूनही चालत नाही.

बाबा दाभोळला गेले आणि त्यांनी थर उघडून पाहू देण्याची विनंती केली. फायबर पुन्हा चढवण्याचा खर्च आम्ही देऊ, असेही सांगितले. मालक संतापले. “घ्यायची तर आहे तशी घ्या. नात्यातली माणसं तुम्ही, आणि परक्याच्या हातोडीवर इसवास ठेवता?” बाबांनी नमस्कार केला आणि परत आले. सौदा मोडला. बचत गटाचे १५ हजार आई अजून फेडते आहे. गावात दोघेतिघे म्हणालेही, पोरगी कॉलेजात गेली आणि बापाच्या हातची बोट घालवली.

गोष्ट इथे संपली असती तर तिला व्यवहाराचा धडा म्हणून सोडून देता आले असते. पण जूनमध्ये बातमी आली की तीच बोट शेजारच्या बंदरातले एक तांडेल घेत आहेत. घरात पुन्हा शांतता पसरली. अहवालाच्या पहिल्या पानावर स्पष्ट लिहिले होते की हा अहवाल फक्त ज्यांनी मागवला त्यांच्या उपयोगासाठी आहे. त्याचे पैसे आम्ही भरले होते. शिवाय सौदा मोडून दुखावलेले नाते आता आणखी दुखवायचे कशाला? मी बाबांना हे सगळे समजावून सांगितले, अगदी मुद्द्यांना नंबर घालून.

बाबांनी ऐकून घेतले आणि विचारले, “त्या बोटीत माणसं किती जातील?”

“सातआठ.”

“त्यांनी फी कुठनं भरायची?”

दुसऱ्या दिवशी पावसातच ते त्या तांडेलांकडे गेले. अहवाल घरीच ठेवला, त्याचे नावही काढले नाही. चहा घेतला, वादळवाऱ्याच्या गोष्टी केल्या आणि उठता उठता म्हणाले, “डाव्या अंगाला, मागच्या बाजूला, येकदा वाजवून बघ.”

त्यांनी वाजवून पाहिले. इसार देऊन झालेला नव्हता, म्हणून त्यांचा शब्द चालला. थर उघडला तेव्हा फळ्यांमागे लाकूड नव्हते, ओला भुसा होता. किंमत उतरली, सुतार बसले, पाच बरगड्या आणि तितक्या लांबीच्या फळ्या नव्या घातल्या गेल्या. नारळी पौर्णिमेनंतर ती बोट समुद्रात गेली. आमच्या बंदराच्या लिलावाला ती कधी कधी येते. तिच्यावर आजीचे नाव नाही, निराळेच नाव आहे. बाबा तिला पाहून हात वर करतात, तिकडचे तांडेलही करतात. दाभोळचे नातलग आमच्याशी बोलत नाहीत. दिवाळीत त्यांच्याकडून फराळ आला नाही आणि आईला त्याचे वाईट वाटले, हेही नमूद केले पाहिजे. खरे वाजवून घेण्याची किंमत कधी कधी पंधरा हजारांहून जास्त पडते.

बाबा अजून दुसऱ्याच्याच बोटीवर तांडेल आहेत. शिल्लक पुन्हा जमते आहे. परवा साखरी नाट्याकडच्या एका बोटीची बातमी कोणीतरी आणली, तेव्हा त्यांनी आधी मला हाक मारली. म्हणाले, “बाय, साहेबांचा नंबर हाय ना तुझ्याकडं? मी बघायला जाईन, पन मला आवडली तर मला इचारू नको. त्यांना बोलव.”